मिक्सरच्या भांड्यातून त्वचेपर्यंत

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत काही वर्षांपूर्वी पाळी थांबलेल्या २८ स्त्रियांना आंबे खायला दिले गेले. आंबा आपला हापूस नव्हे, मेक्सिकोकडचा अताउल्फो. काही जणींना एका वेळी ८५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम लहान वाटीभर फोडी. बाकीच्यांना २५० ग्रॅम, म्हणजे आमरसपुरीच्या जेवणात सहज रिचवला जातो तेवढा. आठवड्यातून चार दिवस, असं चार महिने. मधूनमधून चेहऱ्यांचे फोटो काढून सुरकुत्या यंत्रानं मोजल्या. वाटीभर आंबा खाणाऱ्यांच्या खोल सुरकुत्या दोन महिन्यांत २३ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. भरपूर आंबा खाणाऱ्यांच्या मात्र वाढल्या.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला खर्चाचा पैसा अमेरिकेतल्या आंबा उद्योगाच्या मंडळाकडून आला होता, आणि २८ ही संख्या काही मोठी नव्हे. म्हणून त्यावरून आंब्याला सुरकुत्यांवरचं औषध ठरवायची घाई करू नये. पण आंबेवाल्यांच्या पैशातून झालेल्या अभ्यासात ‘जास्त आंबा खाल्ला तर सुरकुत्या वाढतात’ असं निघावं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. जास्त आंब्याबरोबर जास्त साखर पोटात गेली, तिचा हा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

आता सकाळी घरोघरी मिक्सरमध्ये फिरणारी स्मूदी पाहा. चेहऱ्यावर तेज यावं, त्वचा ओघळू नये म्हणून चाळिशी-पन्नाशीत ती सुरू होते. दोन केळी, आंब्याच्या किंवा चिकूच्या फोडी, ‘साखर नको’ म्हणून चार खजूर, वर चमचाभर मध आणि दूध. एवढ्या ऐवजातून साठ ग्रॅमच्या पुढे साखर सहज जाते. म्हणजे बारा चमचे. चहात अर्धा चमचा साखर कमी केल्याचं समाधान बाळगणारी व्यक्ती पेलाभर स्मूदीत ती कित्येक पटींनी परत घेते, आणि तेही आरोग्याच्या नावावर.

स्मूदी वाईट असा याचा अर्थ नाही. शिकरण, आंबील, मठ्ठा आणि आवळ्याचं सरबत यांच्यावर वाढलेल्या घरांना पेल्यातून पोषण घेणं नवीन नाही. प्रश्न पेल्यात काय पडतं याचा आहे. त्याचं उत्तर त्वचेच्या घडणीतच सापडतं.

त्वचेचा वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात नवा होतो. आरशात कोरडेपणा, खरखरीतपणा दिसतो तो या थराचा. सुरकुत्या मात्र खालच्या जाड थराच्या कारभाराशी जोडलेल्या असतात. तिथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणलेले असतात. त्वचेतलं पाणी काढून टाकलं, तर उरलेल्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कोलॅजेनचाच भरेल. हा धागा म्हणजे तीन पेडांचा पीळ दिलेला दोर. पेड एकमेकांना घट्ट धरून राहावेत म्हणून पेशी त्यांच्यावर ठरावीक जागी रासायनिक आकडे बसवतात, आणि हे काम करणाऱ्या एन्झाइमना क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोर वळला जातो, पण उसवतो.

पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त यायचं, वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, त्याचं कारण हेच. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरनं १७४७ मध्ये अशा १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी आठवडाभराच्या आत सुधारली. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात, शेळीसुद्धा बनवते. माणसाची ती क्षमता उत्क्रांतीच्या ओघात गेली, त्यामुळे ते रोज ताटातून किंवा पेल्यातून यावं लागतं. शिवाय हे जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं. आपल्याकडे भाजी परतून, शिजवून, पुन्हा गरम करून खाल्ली जाते आणि कोशिंबीर पानाच्या कडेला चमचाभर असते. म्हणून कच्च्या, ताज्या फळाचा पेला इथे खरोखर उपयोगी पडतो.

पण किती? आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असतं, आवळ्यात त्याहूनही जास्त. म्हणजे अर्धा पेरू किंवा एक लहानसा आवळा दिवसाची गरज भागवतो. गरजेपेक्षा जास्त गेलेलं बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. परदेशातून विमानानं आलेल्या निळ्या-जांभळ्या बेरीज आणि किवीसाठी मोजलेले पैसे हे बहुतेक वेळा चवीचे पैसे असतात.

अमेरिकेतल्या ४० ते ७४ वयाच्या ४,०२५ स्त्रियांच्या आहाराची आणि त्वचेची सांगड घालणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात क जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांची त्वचा सुरकुतलेली आणि कोरडी दिसण्याचं प्रमाण कमी होतं. ज्यांच्या जेवणात पिष्ट-साखर आणि चरबी जास्त, त्यांच्यात सुरकुत्या जास्त. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी बाकी जे माहीत आहे त्याच्याशी ते जुळतं.

साखरेचं काय होतं, हे समजायला तव्यावरची भाकरी पुरे. तिच्यावर जे तांबूस डाग पडतात ते साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकमेकांना चिकटल्यानं. लुई कामी माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. तीच क्रिया शरीरात, तव्याच्या मानानं अगदी संथपणे, चालू असते. मधुमेहींना परिचित असलेली एचबीए१सी ही तपासणी याच तत्त्वावर चालते: रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते त्यात मोजतात. तांबड्या पेशी सुमारे चार महिन्यांत मरतात, म्हणून ती तपासणी मागच्या तीनेक महिन्यांचाच हिशेब सांगते. त्वचेतल्या कोलॅजेनचं तसं नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली काढलेल्या अंदाजानुसार त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. तेवढा काळ साखर त्यावर साचत राहते, शेजारशेजारचे धागे एकमेकांना जखडून टाकते, आणि लवचीक जाळं कडक होतं. मधुमेह नीट आटोक्यात नसलेल्यांची त्वचा जाड, ताठर होते, त्यामागे हीच गोष्ट आहे.

‘सात दिवसांत दहा वर्षं तरुण’ या जाहिरातीचा फोलपणाही या पंधरा वर्षांच्या हिशेबातून कळतो. आठवडाभर स्मूदी प्यायल्यावर चेहरा टवटवीत वाटला, तर ते वरच्या थरातल्या ओलाव्यामुळे, सकाळचं तळलेलं सुटल्यामुळे, किंवा नुसतं लवकर उठल्यामुळेही असेल. त्याचा आनंद जरूर घ्यावा, पण खालचा दोर आठवड्यात नव्यानं वळला जात नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक घाट येतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. पुढे दरवर्षी दोनेक टक्के. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, त्यामुळे हा बदल पन्नाशीच्या आतच सुरू होतो. ‘अचानक म्हातारी दिसायला लागले’ असं अनेक जणी म्हणतात, तो मनाचा खेळ नसतो. याच सुमारास जेवण कमी केलं जातं, प्रथिनं आधीच तोकडी असतात, आणि त्यात रात्रीच्या जेवणाऐवजी फळांचा पेला आला तर कोलॅजेन बनवायला लागणारा कच्चा मालच आटतो. फळात प्रथिनं जवळजवळ नसतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. जेवणाला पर्याय म्हणून निव्वळ फळांची स्मूदी घेणं, ही या वयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

आता या सगळ्याहून मोठ्या कारणाकडे वळायला हवं, नाहीतर पेल्याला नको तेवढं श्रेय मिळेल. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, आणि खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी, जाडसर घड्यांनी भरलेली. माणूस एकच, त्याचं जेवण एकच, दोन गालांत फरक तेवढा उन्हाचा. काच बंद असली तरी अतिनील किरणांपैकी यूव्हीए प्रकारचे किरण तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात आणि कोलॅजेन तोडतात. आपल्याकडे हा गाल उजवा असेल, इतकंच.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर या गावी तर ऊन आणि गोळी यांची सरळ तुलनाच झाली. पंचावन्न वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या या प्रयोगात काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना वाटेल तेव्हा. जोडीला काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, म्हणजे गाजरातलं रंगद्रव्य. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या. गोळ्यांचा एकूण परिणाम काहीच दिसला नाही. सकाळी गाजर-बिटाचा पेला पिऊन उघड्या डोक्यानं तासभर उन्हात चालणाऱ्यांनी हा निकाल लक्षात घ्यावा. भारतीय त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्यानं सुरकुत्या तुलनेनं उशिरा पडतात. आपल्याकडे आधी येतात ते काळपट डाग आणि वांग, आणि त्यांचा उन्हाशी संबंध आणखी जवळचा आहे.

एवढं मान्य करून पेल्याकडे परत येता येतं. आहाराचा त्वचेवर अजिबात परिणाम होत नाही असं नाही. डेव्हिसमध्येच पाळी थांबलेल्या ४९ स्त्रियांपैकी काही जणींना २४ आठवडे रोजच्या उष्मांकांपैकी २० टक्के बदामातून दिले गेले, म्हणजे दिवसाला साधारण ६० ग्रॅम. तेवढ्याच उष्मांकांचा दुसरा खाऊ खाणाऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांच्या सुरकुत्या कमी झाल्या. सुरुवातीच्या मानानं ही घट सुमारे १६ टक्के होती. पैसा कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाचा, आणि स्त्रिया सगळ्या उन्हात पटकन लाल होणाऱ्या गोऱ्या त्वचेच्या. आपल्या त्वचेवर तसंच घडेल हे गृहीत धरता येत नाही, आणि रोज साठ ग्रॅम बदाम परवडणारी घरंही मोजकीच. चार-पाच बदाम आणि मूठभर शेंगदाणे ही त्यातून निघणारी व्यवहारी वाट. ई जीवनसत्त्व, प्रथिनं आणि चांगली चरबी दोन्हींत असते.

टोमॅटोची गोष्ट जास्त गमतीची आहे. जर्मनीत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलासोबत दिली. दहा आठवड्यांनी त्यांच्या त्वचेवर अतिनील किरण सोडल्यावर येणारी लाली, पेस्ट न खाणाऱ्यांच्या मानानं ४० टक्क्यांनी कमी होती. टोमॅटोतलं लायकोपिन हे रंगद्रव्य शिजवल्यावर मोकळं होतं आणि चरबीबरोबर शोषलं जातं. कच्च्या टोमॅटोचा गाळलेला थंड रस या कामी दुबळा. याउलट टोमॅटो उकडून, मिक्सरमधून काढून, नारळाचं दूध घालून, तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी दिलेलं आपलं सार यात नेमकं बसतं. त्याला कुणी स्मूदी म्हणत नाही एवढंच. गाजर, पपई, लाल भोपळा यांच्यातल्या रंगद्रव्यांनाही अशीच थोड्या चरबीची सोबत लागते.

मग सकाळच्या पेल्याचं माप काय असावं? एक वाटी ताजं दही, अर्धी वाटी फळ, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट किंवा भिजवलेले चार-पाच बदाम, एक चमचा भाजलेले जवस, आणि काहीतरी आंबट: आवळ्याचा कीस, लिंबाचा रस किंवा पेरू. यातून दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, चरबी मिळते, क जीवनसत्त्व मिळतं, आणि साखर फळातली आणि दह्यातली तेवढीच राहते. जवस अख्खे घातले तर तसेच शरीराबाहेर पडतात, ते आधी कोरडे दळावेत. मध, गूळ, खजूर यांची गरज नाही. जिभेला सवय होईपर्यंत चिमूटभर सैंधव आणि जिरेपूड घातली की गोडाची आठवण कमी होते. पेरू घातला तर मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा आणि मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढावा, बिया दाताखाली येत नाहीत. बारीक गाळणीनं चोथा मात्र काढून टाकू नये. पपई आणि दही एकत्र केलं तर लगेच प्यावं, तासाभरानं ते कडवट होतं.

केळ्याबद्दल एक नवी माहिती. सोललेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच एन्झाइम दुसऱ्या फळांतली फ्लॅव्हॅनॉल नावाची उपयोगी द्रव्यं मोडून टाकतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात केळं घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरात ही द्रव्यं, ती निव्वळ कॅप्सूलमधून घेणाऱ्यांपेक्षा ८४ टक्क्यांनी कमी पोचली. सफरचंद, द्राक्षं, कोको यांच्यासाठी स्मूदी करायची असेल तर केळं त्यात टाकू नये, वेगळं खावं. केळ्यात वाईट काही नाही, त्याला शेजार तेवढा मानवत नाही.

आणि पेला चावून संपवल्यासारखा, सावकाश संपवावा. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा ११ पट वेगानं आणि लगद्यापेक्षा चौपट वेगानं संपला, आणि पोट भरल्याची भावना सगळ्यांत कमी रसानंच आली. स्मूदी म्हणजे हा मधला लगदा. दात शाबूत असणाऱ्यानं फळ चावून खाणं कधीही सरस. ज्यांना कवळीमुळे पेरू-सफरचंद चावत नाही, त्यांच्यासाठी मिक्सर ही खरी सोय आहे.

कोलॅजेनची महागडी पावडर पेल्यात ढवळण्याचीही टूम आहे. हे कोलॅजेन मासे किंवा जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं असतं. वनस्पतींत कोलॅजेन नसतंच, हे शाकाहारींनी डबा घेताना ध्यानात ठेवावं. पोटात त्याचे तुकडे होतात, आणि ते चेहऱ्यावरच जातील याची कुणी हमी देत नाही. २०२५ मध्ये अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कंपन्यांच्या पैशातून न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा त्यांत त्वचेला फायदा दिसला नाही.

काही जणांनी मात्र पेला भरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि फळांचा पेला त्यांच्या रोजच्या हिशेबात धरावा लागतो. मूत्रपिंड अधू असेल तर केळं, शहाळ्याचं पाणी, संत्रं यांच्यातलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालकाचा हिरवा पेला एकदम सुरू किंवा बंद करू नये, कारण त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. पालकात ऑक्झलेटही भरपूर असतं. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी तो रोज कच्चा वाटून पिऊ नये. अमेरिकेतल्या एका ६५ वर्षांच्या महिलेचं प्रकरण २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. तिची मूत्रपिंडं आधी ठीक होती, मात्र पूर्वी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती आणि नुकतीच दीर्घकाळ प्रतिजैविकं घेतली होती. ‘शरीरशुद्धी’साठी ऑक्झलेटयुक्त हिरव्या स्मूदी पिऊन तिची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली.

बागेच्या फाटकापाशी सकाळी मिळणाऱ्या दुधीच्या रसाचीही वेगळी खबरदारी घ्यावी लागते. एखादा दुधी कडू निघतो. त्यातली कुकुरबिटॅसिन ही द्रव्यं विषारी असतात, आणि असा रस प्यायल्यानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलीही आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञगटानं यासाठी साधी सूचना केली आहे: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नये. कारल्याबरोबर तर नाहीच, कारण मग कडूपणा कोणाचा ते कळत नाही.